रुमालाखालची दलाली

माझ्या मित्राच्या वडिलांसारखा शेळ्यांचा दलाल ताडकळसच्या आठवडी बाजारानं पाहिला नाही. शेळ्यांना विचारा, त्याही हेच सांगतील. काकांनी जबडा उघडून दात पाहिले की शेळी मुकाट आपलं वय कबूल करायची. लंगडं बोकड त्यांना लांबून येताना पाहूनच सरळ चालू लागायचं, उगाच शोभा नको म्हणून. पण खरी किमया रुमालाखाली. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून सौदा ठरतो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. काकांची बोटं इतकी बोलकी, की एका व्यापाऱ्यानं म्हणे रुमालाखालीच त्यांची माफी मागितली होती.

वय झालं तसा गादीचा प्रश्न आला. माझा मित्र, त्यांचा एकुलता मुलगा, शेळी दिसली की शिंकायचा. त्यानं परभणीत मोबाइलचं दुकान टाकलं. त्याची थोरली बहीण अक्का मात्र कळपातच वाढलेली. नुसत्या चालीवरून शेळी गाभण आहे का, ते सांगायची. काकांनी तिलाच बसवलं. तिनं रुमाल पसरला आणि सारा बाजार मातीकडे बघत उभा राहिला. शेवटी जिंतूरचा एक जुना व्यापारी काकांच्या जवळ येऊन हात जोडून म्हणाला, "काका, पोरगी लय हुशार हाय. पण लेकीसारख्या बाईचा हात रुमालाखाली कसा धरावा, तुमीच सांगा. पोराला बसवा."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हीच पंचाईत. दुपार झाली तरी सौदा नाही. अक्का रुमालाची घडी घालायला लागली. काकांनी तो तिच्या हातातून घेतला, स्वतःच्या डोक्याला बांधला आणि उभ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या दावणीवर आता भाव तोंडानं. ज्याला लपवायचंय त्यानं दुसरीकडं जावं."

काही जण गेलेही, पण अशा शेळ्या दुसरीकडे कुठल्या? मुकाट परत आले. जन्माची विद्या अशी भर बाजारात डोक्याला गुंडाळणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता अक्का भाव पुकारते तेव्हा गंगाखेडच्या म्हशी बिचकतात. काका लिंबाखाली बसून असतात. परवा मी शेजारी टेकलो. अक्कानं भाव पुकारला, व्यापाऱ्यानं मान डोलावली. काकांनी माझी बाही ओढली.

"किती म्हणली रं?"

मी चाट पडलो. कान कधीपासून गेले, विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

"लय दिवस झाले. रुमालाखाली कानाचं काय काम?"

म्हणजे त्या दिवशी काकांनी स्वतःला जमणारा एकुलता एक बाजार बंद केला होता. मी त्यांच्या कानाशी जाऊन भाव सांगितला.

"एवढं मागायला मी धजलो नसतो," ते म्हणाले, आणि पुन्हा लेकीच्या ओठांकडे बघत बसले.