टेलरबाईंचं पळणं

ज्या दिवशी टेलरबाई पहिल्यांदा अर्धा तास न थांबता पळाल्या, त्या दिवसापासून त्यांचं पळणं बिघडलं. ऐकणाऱ्याला हे उलटंच वाटेल, पण झालं ते असंच.

त्या सकाळी पाण्याच्या टाकीला वळसा घालून, शाळेच्या कुंपणाच्या कडेने, बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकापर्यंत आणि तिथून परत, कुठेही कमरेवर हात ठेवून उभं न राहता त्या दारात आल्या. कानातली बाई म्हणाली, "अभिनंदन! तुम्ही हा कार्यक्रम पूर्ण केला आहे." मग पिपाणीसारखं काहीतरी वाजलं आणि बाई गप्प झाली. टेलरबाई घाम पुसत वाट बघत राहिल्या, पण ती काही पुढे बोलली नाही.

ही कानातली बाई फोनमधली. मुलगी नोकरीच्या गावी निघाली तेव्हा तिने आईच्या फोनवर एक कार्यक्रम घालून दिला होता. ज्यांना बससाठी चार पावलं धावलं तरी धाप लागते, अशांना हळूहळू पळायला शिकवणारा. जरा पळा, जरा चाला, पुन्हा पळा. कधी पळायचं आणि कधी थांबायचं ते बाई सांगणार, आपण फक्त ऐकायचं. टेलरबाईंना हे फार मानवलं. त्यांचा जन्मच दुसऱ्यांनी सांगितलेल्या मापावर गेला होता.

पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं मशीन. नवे कपडे त्या शिवत नसत, फक्त दुरुस्ती करत. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, बाही आखूड करणं. पन्नाशीला टेकेपर्यंत त्या एकाच स्टुलावर बसत आल्या होत्या. स्टूल त्यांच्या अंगासारखं झालं होतं की त्यांचं अंग स्टुलासारखं, हे सांगणं कठीण. उठताना गुडघे वाजत. यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे. ते म्हणत, "तेल घालू का गं?" आणि आपल्याच विनोदावर हसत बसत.

टेलरबाईंच्या हाताला एक खोड होती. शिवताना मधेच कुठे टाका हुकला, तर त्या अख्खी शिवण उसवायच्या आणि पहिल्यापासून घ्यायच्या. बोटभर चूक दुरुस्त करायला हातभर उसवणार. "माझ्या शिवणीत जोड सापडायचा नाही," असं त्या छाती फुगवून सांगत, आणि खरंच सापडत नसे. गिऱ्हाइकं थांबून थांबून कंटाळत, पण दुसरीकडे जात नसत.

पळणं त्यांनी मनावर घेतलं ते तब्येतीसाठी, असं त्या सगळ्यांना सांगत. खरं कारण सांगायला त्यांना लाज वाटायची. सुरुवातीला पायांचे नुसते तुकडे पडत. मग एके दिवशी टाकीच्या वळणावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्या डोक्यात आत्ता कोणाची बाही नाही, कोणाची चेन नाही, संध्याकाळच्या स्वयंपाकाचं काही नाही. आपण आहोत आणि रस्ता आहे. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. आजूबाजूला कोणी नाही ना, ते बघून त्यांनी ते बाहीला पुसलं.

म्हणून तर नणंदेचं बोलणं त्यांना इतकं लागलं. नणंद शाळेत शिकवायची आणि रविवारी भावाकडे चहाला यायची. टेलरबाईंनी अर्ध्या तासाची बातमी सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "छान हो वहिनी! पण तुम्ही पडलात आरंभशूर. पोहायला गेलात, ते पाणी नाकात जाईपर्यंत. तो कीबोर्ड आणलात, त्याचं झाकण आता फक्त पुसायला उघडतं. आणि माझ्या भावाचा स्वेटर? एका बाहीचा तो बिचारा अजून कपाटात आहे ना?"

यजमान म्हणाले, "असू दे गं, एका हाताला तरी थंडी वाजत नाही."

सगळे हसले, टेलरबाईही हसल्या. पण नणंद बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं. हे पळणंसुद्धा एक दिवस त्या स्वेटरशेजारी जाऊन पडेल का, हीच धास्ती त्यांना होती. पोहणं सुटलं तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. हे सुटलं तर वाटणार होतं.

पळायचा पुढचा वार आला. टेलरबाई बूट बांधून दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन उघडला. पडद्यावर एक चषक, त्याच्यावर रंगीत कागदाचे कपटे उडताहेत. बाकी काही नाही. पुढे काय, हे विचारायचं तर बोट ठेवायलाही जागा नव्हती. तशाच निघाल्या. पहिल्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि घोडं अडलं. आज किती पळायचं? सावकाश की जोरात? कुठपर्यंत गेलं म्हणजे झालं? माप न देता कापड टाकून गेलेल्या गिऱ्हाइकासारखा तो रस्ता समोर पडला होता. त्या परत फिरल्या आणि घरी येऊन गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. दुखत काही नव्हतं.

त्यातच शाळा उघडायचे दिवस आले. गणवेशांचा ढीग खिडकीच्या गजापर्यंत चढला. मागच्या वर्षीच्या पँटी खाली सोडायच्या, थोरल्याचे शर्ट धाकट्याच्या मापाचे करायचे. मान वर करायला सवड नव्हती. बूट दारापाशी आणि टेलरबाई मशीनपाशी, असे बरेच दिवस गेले. ढीग उतरला तेव्हा पळण्याला चांगलाच खंड पडला होता.

आता इथे त्यांनी काय करावं? जे त्या उभ्या आयुष्यात करत आल्या तेच केलं. मधे बिघडलं ना, मग सगळं उसवा. त्यांनी फोनमधला कार्यक्रम पहिल्या दिवसावर नेला. "स्वागत आहे!" कानातली बाई म्हणाली, आणि टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला. जरा पळा, जरा चाला. अर्धा तास पळू शकणारी बाई पुन्हा शहाण्यासारखी मिनिटा-मिनिटाने थांबायला लागली.

मग खोकला झाला. गेला तो आठवडा पाण्यात. पुन्हा पहिला दिवस. मग पाहुणे आले. पुन्हा पहिला दिवस. पहिला दिवस त्यांना इतका पाठ झाला की बाई बोलायच्या आधीच त्यांचे पाय थांबत. सोपा होता, ओळखीचा होता, आणि त्यात चुकायला काही नव्हतंच. खरं सांगायचं तर पळणं राहिलं होतं बाजूलाच. त्या रोज नेमाने सुरुवात करत होत्या.

मुलीचा फोन आला तेव्हा तिने सहज विचारलं, "आई, आता किती पळतेस?"

"सध्या पहिला आठवडा चालू आहे."

"पहिला? अगं, तू पूर्ण केला होतास ना तो?"

"केला होता. पण मधे खंड पडला, म्हणून म्हटलं नीट पहिल्यापासून घ्यावं."

"आई," मुलगी म्हणाली, "मला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा मी महिनाभर शाळेत गेले नव्हते. मग तू मला परत बालवाडीत नेऊन बसवलंस का?"

टेलरबाई खळखळून हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र चेहरा उतरला. त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, पोरगी फार शेफारलीय." यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हो, आणि बरोबरही बोलते. कोणावर गेलीय कोण जाणे."

हे झालं त्याच सुमारास एक बसचालक सकाळीच दारात येऊन उभा राहिला. अंगात कामावरचा कोट, आणि काखेपाशी तो एवढा उसवलेला की आतला शर्ट डोकावत होता. पाळीची वेळ झालेली. टेलरबाईंनी सवयीने धागा कापायची कात्री उचलली तसे त्याचे डोळे पांढरे झाले.

"बाई, हात जोडतो, सगळं उसवू नका! तुमची ख्याती ऐकून आहे. उसवलंय तेवढंच धरा. बस उभी आहे माझी."

"अहो, मग जोड दिसेल."

"काखेत कोण बघायला येतंय?"

टेलरबाईंनी नाक मुरडलं आणि कोट मशीनवर घेतला. धागा जिथे तुटला होता त्याच्या बोटभर मागे, चांगल्या शिवणीवरच त्यांनी सुई टेकवली. तिथून टाके घेत उसवलेला भाग पार केला आणि पलीकडच्या चांगल्या शिवणीतही थोडं आत जाऊन थांबल्या. चहा निवायच्या आत काम झालं. चालकाने कोट चढवला, हवेतल्या हवेत स्टिअरिंग फिरवून बघितलं आणि पळाला.

टेलरबाईंना दिवसभर चैन पडेना. असलं जोडकाम त्यांच्या हातून पूर्वी कधी बाहेर गेलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस तो चालक खिडकीवरून जाताना दिसला की त्या काखेकडे बघत. शेवटी एकदा न राहवून त्यांनी त्याला आत बोलावलं, कोट काढायला लावला, उलटा केला आणि शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली. जोड दिसत होता. शिवण मात्र पक्की होती. "रोज फिरवतोय हो स्टिअरिंग," चालक म्हणाला, "त्याला काही होत नाही." टेलरबाई तो कोट हातात धरून जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या, इतक्या की चालकाला तो मागून घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी कानात काही न घालता त्या बाहेर पडल्या. कोपऱ्यावर पाय घुटमळले. मग त्यांनी आपणच ठरवून टाकलं, आज टाकीपर्यंत. टाकी आली. परत आल्या. त्यानंतर कधी शाळेच्या कुंपणापर्यंत, कधी बेकरीच्या वासापर्यंत, आणि अंगात जोर असेल तेव्हा कारखान्याच्या फाटकापर्यंत. किती ते आता पाय आणि मर्जी मिळून ठरवत. एकदा तर उलट्या बाजूने गेल्या आणि आपलीच गल्ली त्यांना नवी वाटली. कुठे कंटाळा यायचा, कुठे पोटात कळ यायची, आणि कधीकधी, मधेच, तो टाकीच्या वळणावरचा मोकळेपणा यायचा. तो सांगून येत नसे, म्हणून जावंच लागे.

सगळं असं रुळावर आलं आणि यजमानांचा हात लिफ्टच्या दारात सापडला. बोटं वाचली, पण हाड मोडलं. दवाखाना, औषधं, शर्टाची बटणं लावून देणं, रात्री कूस बदलायला मदत. टेलरबाई मशीन आणि यजमान यांच्यामध्ये गरगरत राहिल्या. नणंद मदतीला येऊन राहिली आणि तिने स्वयंपाकघर खरोखर मायेने सांभाळलं. बुटांवर धूळ बसली. आता मात्र गेलं, असं टेलरबाईंना एका रात्री वाटलं, आणि त्यांना रडू आलं. इतक्या मोठ्या दुखण्यात आपल्याला पळण्याचं पडलंय, याचीही त्यांना लाज वाटली.

यजमान जागेच होते. म्हणाले, "सकाळी ताई आहे घरात. जाऊन ये."

"आता काय जाणार? सगळं गेलं पायातलं."

"गेलं तेवढं गेलं. राहिलंय त्यात जाऊन ये."

सकाळी त्या निघाल्या. टाकीपर्यंत कशाबशा पोचल्या. शाळेच्या कुंपणापाशी श्वासाने दगा दिला, आणि त्या चक्क चालायला लागल्या. मग खांबाला टेकून उभ्या राहिल्या. फोन खिशात होता. तो हातात कधी आला ते त्यांना कळलंही नाही. पडद्यावर तो अर्धवट राहिलेला पहिला आठवडा होता आणि खाली लिहिलेलं होतं, पुन्हा सुरू करा. अंगठा त्याच्यावर जाऊन थांबला. तो टेकवला की बाई बोलणार होती, स्वागत करणार होती, आणि ही धाप लागणं चुकीचं राहणार नव्हतं, पहिल्या दिवसाला शोभेलसंच ठरणार होतं. मोह साधा नव्हता. टेलरबाईंनी अंगठा उचलला, फोन खिशात घातला आणि श्वास जागेवर येईपर्यंत तिथेच थांबल्या. मग पुढे पळाल्या, मग चालल्या, मग पुन्हा पळाल्या. पळणं कसलं, फरफटच होती. पण फाटकाला हात लावून आल्या.

दारात नणंद पातेलं पुसत उभी होती. टेलरबाईंचा लालबुंद चेहरा आणि लटपटणारे पाय बघून तिने ओळखलं. तिच्या विचारण्यात कुजकेपणा नव्हता, तिला खरंच तसं वाटलं.

"काय वहिनी, आज परत पहिला दिवस का?"

टेलरबाई पायरीवर टेकल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि धापा टाकत हसल्या.

"छे हो ताई," त्या म्हणाल्या. "आज बुधवार आहे."