लांडग्यांच्या बाजूनं बोलणारे साडू

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्या माणसाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. प्राणिसंग्रहालयाचे संचालक म्हणून निवृत्त झाले, तरी गारखेड्यातल्या त्यांच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते पिंजऱ्यात नवा प्राणी यावा तसं न्याहाळत. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा पोहे संपायच्या आत त्यांनी नवऱ्या मुलाचा अहवाल देऊन टाकला, "दात चांगलेत, पण कळपात बुजतो." स्थळ गेलं. शहागंजात केळी घेताना अस्वलाच्या खाण्यावर अर्धा तास बोलत आणि केळी तिथंच विसरून येत.

दर रविवारी सकाळी रेडिओवर त्यांचा कार्यक्रम असे. तरस, वटवाघूळ, घोणस, जगानं ओवाळून टाकलेल्या प्रत्येकाचं वकीलपत्र यांच्याकडे. लांडग्यांवर विशेष जीव. घराणं मेंढपाळांचं, थोरला भाऊ अजून करमाडजवळ मेंढरं राखतो. लांडग्यानं कोकरू नेलं तर "त्याचा वाटा व्हता, नेला" म्हणून मोकळा होणारा माणूस. माळावर लांडगीनं पिल्लं घातली होती, ती त्यानं धाकट्याला, म्हणजे साडूंना, लांबून दाखवली. त्यांच्यात रीतच आहे, बीळ दिसलं की तोंड मिटायचं.

साडूंना तेवढंच जमत नसे. पुढच्याच रविवारी पाझर तलाव, मागची टेकडी, एकटं लिंबाचं झाड, सगळं रेडिओवर सांगून मोकळे! पिल्लांचं वर्णन इतकं गोड, की मी फोन करून "वा!" म्हणालो. त्या "वा"ची मला अजून लाज वाटते. दुपारपर्यंत माळावर मोटारसायकलींची रांग लागली. कुणी व्हिडिओ काढले, कुणी बिळात धूर केला. लांडगी पळाली, पिल्लं आतच गुदमरली.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊ बीळ बुजवत होता. "दादा, लोकायला माया वाटावी म्हणून बोललो," साडू म्हणाले.

भावानं मान वर केली नाही. "तीन साल झाले, ती हितंच वियायची. म्या बायकोलाबी नाय सांगितलं."

कार्यक्रम बंद झाला. रेडिओवाले दोनदा येऊन गेले. घसा बसलाय, असं साडूंनी सांगितलं. घसा ठणठणीत आहे. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांच्याकडे गेल्याशिवाय राहवतही नाही. काल गेलो, तर अंगणातल्या जास्वंदीत बुलबुलाचं घरटं दिसलं. मी बोट दाखवणार, तोच त्यांनी माझा हात धरून खाली केला, आणि यंदा ऊन फार आहे म्हणाले.