पिशवीला सुट्टी

"हंय आयलंय की माका भूक लागता गो, बाय," आई म्हणाली.

मी खिडकीच्या आत, मावशीच्या खाटेवर डोळे मिटून पडले होते. बाहेर बसलेल्या त्या दोघींना वाटत होतं, मी झोपलेय. केरीला मावशीकडे दुपार कलायला लागली की मला धड झोपही लागत नाही आणि धड जागही राहत नाही. फेरीबोटीची घरघर, सुरूच्या झाडांतला वारा, माणसांचे आवाज, सगळं एकाच पाण्यावरून तरंगत आल्यासारखं येतं. ते वाक्यही तसंच आलं.

"मगे थंय कितें? घोव जेवक घालिना तुका?" मावशीने बाबांवरून टोमणा मारला.

"घालता गो. तो खंय ना म्हणता?" आई हसली. मग म्हणाली, "थंय हांव उबेनूच खातंय. भूक लागपाक आदीं बसचें पडता."

इथे आली की तिला भूक लागते, घरी ती उभ्यानेच खाते आणि भूक लागायला आधी बसावं लागतं, एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता. कैऱ्या यंदा कमी लागल्या म्हणावं, तसं ती म्हणाली. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर ते वाक्य तिने परत घेतलं असतं, असं वाटलं.

मावशी आईची थोरली बहीण. तिचे यजमान बोटीवर असतात, वर्षातून एकदा येतात. दर मे महिन्यात आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, लाटंबार्सेहून तिच्याकडे जातो. लोक केरीला समुद्रासाठी येतात. आम्ही समुद्रावर फारसे जातच नाही. आमची सुट्टी मावशीच्या ओसरीतच होते, तिथल्या दगडी बाकावर. आमच्याकडे त्याला सोपो म्हणतात.

संध्याकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की मावशी हातातलं काम टाकून रस्त्यावर जाते. पोदेराशी भांडल्यासारखं बोलते, हसते आणि ओच्यात गरम उंडे घेऊन येते. वरून कडक, आत मऊ, मुठीएवढे गोल पाव. ताटली नाही, डबा नाही. चहाची किटली मधे ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. आई पाय वर घेऊन बसते. केस सुटलेले असले तरी बांधत नाही. बाबा खालच्या पायरीवर बसतात. ते उंडो मोडतात आणि मोठा तुकडा न बघताच वर आईच्या दिशेने धरतात. तीही न बघताच घेते, चहात बुडवते. समोर टेकडीवरून पॅराग्लायडरच्या रंगीत छत्र्या सुटलेल्या असतात. इतक्या सावकाश खाली येतात, की उंडो संपला तरी छत्री अजून हवेतच असते. कुणी तरी म्हणतं, "पडलो मरे तो!" पण तो काही पडत नाही. फेरीबोट तेरेखोलला जाते, परत येते. आम्ही बसलेलेच.

त्या दिवशी झोपेतून उठल्याचं सोंग करून मी बाहेर आले, तेव्हा आईने दुसरा उंडो घेतला होता. मी तिच्याकडे पाहत राहिले. घरी तिला मी असं खाताना कधी पाहिलं होतं? आठवेना. बाबा मोठा तुकडा घरी देत नाहीत असं नाही. घरी त्यांच्या हाताच्या अंतरावर आई नसतेच.

लाटंबार्सेला आल्यावर मी बघायला लागले. बघणं मला जमतं, बोलणं जमत नाही. शाळा-कॉलेज इंग्रजीतून झालं. मनात वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, ते घरच्या बोलीत आणेपर्यंत माणसं उठून गेलेली असतात. आणि खरं सांगायचं तर, आणता आलं असतं तेव्हाही पुष्कळदा मी ते आतच ठेवलं आहे.

आमच्या घरालाही सोपो आहे. त्यावर बाबांचं हेल्मेट, कारखान्याची बॅग, जुनी वर्तमानपत्रं आणि आईकडे शिवायला आलेल्या ब्लाऊजांच्या कापडाच्या पिशव्या असतात. बसायला जागा नसते, आणि बसायचं कुणाच्या मनातही येत नाही. बाबा कामावरून येतात, चहा घेऊन टीव्हीपुढे बसतात. मी म्हापशाच्या ऑफिसातून येते, माझा चहाचा कोप घेऊन खोलीत जाते. आईचा चहा ओट्यावर थंड होतो. मशीनवरून उठून ती एक घोट घेते, आमटीला फोडणी देते, पावाचा तुकडा तोंडात टाकते, परत मशीनवर बसते. मशीनवर बसणं हे काही बसणं नव्हे.

पोदेर आमच्याकडेही येतो, पण आम्ही त्याला भेटत नाही. आईने ब्लाऊजच्या उरलेल्या जांभळ्या अस्तराची एक पिशवी शिवली आहे. ती दुपारी गेटाला अडकवायची. तो त्यात पाव टाकून निघून जातो. मशीन थांबवावं लागत नाही. मग सवड मिळेल तेव्हा पाव पिशवीतून डब्यात.

सुट्टीतली ती संध्याकाळ मला घरी हवी होती. सगळी नाही, समुद्र नको, छत्र्या नकोत. आईला भूक लागेल एवढीच. पण तसं म्हणायचं म्हणजे मी खिडकीआडून ऐकलं होतं ते बाहेर येणार. म्हणून मी न बोलता करायचं ठरवलं.

शनिवारी ऑफिस अर्धाच दिवस असतं; अशा एका शनिवारी मी लवकर घरी आले. मी जेवणघरातल्या खुर्च्या उचलून ओसरीत नेऊन मांडल्या आणि आत जाऊन वाट पाहत बसले. थोड्या वेळाने आई त्या एकेक करून आत आणायला लागली.

"खुर्च्यांक ऊन दाखयलें गो? ढेकूण जाले काय?"

"ना," मी म्हटलं. तिने खुर्च्या पुसून जागेवर ठेवल्या.

पुढच्या शनिवारी मी पिशवीच काढली. माझा हिशेब सोपा होता. पिशवी नसली की पोदेराला थांबावं लागेल, तो भोंपू वाजवेल, आईला मशीनवरून उठून गेटापर्यंत यावं लागेल. एकदा ती हातात गरम पाव घेऊन ओसरीत आली, की पुढचं आपोआप होईल. पिशवीची घडी करून मी उशीखाली ठेवली आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिले.

काजूच्या झाडांमागे ऊन पिवळं झालं होतं. वळणावर भोंपू वाजला. सायकल आमच्या गेटापाशी हळू झाली. पोदेराने मोकळ्या गेटाकडे पाहिलं आणि पायडल मारून पुढे गेला.

आमच्या वाड्यावर पिशवी नसली तर घरात कुणी नाही किंवा आज पाव नकोत, असा अर्थ असतो. सगळ्यांना ठाऊक आहे. मलाच नव्हतं, कारण त्या वेळी मी एक तर ऑफिसात असते, नाही तर खोलीत. हाक मारायला मी तोंड उघडलं. एक "ओ" पुरला असता. सायकल शेताच्या कडेने लहान लहान होत गेली आणि तो "ओ" आतच राहिला.

बाबा भुकेले आले. डबा रिकामा. आईने मशीन थांबवलं, कांदा चिरला, घाईघाईने पोहे केले.

"पिशवी खंय गेली मगे?" ती म्हणाली.

"कुत्र्यान व्हेली आसतली," बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

"कुत्रो पिशवी कित्याक व्हरतलो? ब्लाऊज शिवपाक?"

बाबा हसले. मलाही हसू आलं, पण मी ते ताटलीत लपवलं. तिच्यासाठी पोहे उरले होते. ती ते झाकून ठेवायला लागली तेव्हा बाबांनी विचारलं, "तूं खायना?"

"माका भूक ना."

आणि हात धुऊन ती मशीनकडे गेली. जांभळ्या अस्तराचा नवा तुकडा काढला, बेतला आणि नवी पिशवी शिवायला घेतली. मी खोलीत जाऊन जुनीवर डोकं ठेवून पडले. मशीनचा आवाज येत राहिला. केरीचं पाणी त्या आवाजाखाली कुठे तरी हलत होतं, लांब.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाल्यावर आईने नवी पिशवी गेटाला अडकवली. ती आत गेल्यावर मी सोपो रिकामा केला. हेल्मेट खुंटीला, वर्तमानपत्रं कपाटाखाली, कापडाच्या पिशव्या आतल्या खाटेवर. ओल्या फडक्याने पुसला तेव्हा खालचा दगड लाल निघाला. त्याचा रंग मी विसरले होते. बाबा बाहेर आले, क्षणभर सोप्याकडे बघत राहिले आणि पायरीवर बसले.

भोंपू वाजला तेव्हा मी गेटाशी, पिशवीच्या बाजूला उभी होते. पोदेर माझ्याच वयाचा असेल. त्याने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कितें, आज पिशवेक सुटी?"

"हय," मी म्हटलं. आवाज बरा निघाला.

मी ओढणी पुढे धरली, त्याने त्यात उंडे टाकले. इतके गरम की कापडातून पोटाला चटका बसला. ओसरीपर्यंत चालत येताना मला तो चटका फार आवडला. उंडे मी सोप्यावर, तशाच ओढणीत ठेवले.

"आयले पाव? डब्यांत घाल गो," आतून आईचा आवाज. मशीन चालूच.

मी घातले नाहीत. बाबांनी एक उचलला, हातात फिरवला, मोडला. मोठा तुकडा उजव्या हातात, लहान डाव्या. मोठा त्यांनी खाल्ला नाही. नुसता धरून समोरच्या शेताकडे बघत बसले. त्यांना तरी कळलं होतं का तो कुणासाठी धरलाय? वारा नव्हता, समुद्र नव्हता, पण काजूच्या पानांवरून ऊन सावकाश खाली उतरत होतं, छत्रीसारखं.

मशीन थांबलं. आई चहा घेऊन आली. दोनच कोप, बाबांचा आणि माझा. रिकामा सोपो तिने पाहिला, ओढणीतले उंडे पाहिले. "हें कितें आज?" ती पुटपुटली. कोप खाली ठेवले, बोटाला गुंडाळलेला धाग्याचा तुकडा सोडवला आणि रोजच्यासारखी वळली. चौकटीवर हात ठेवून एक पाय आत टाकला.

वाक्य माझ्याकडे तयार होतं, इंग्रजीत, नीट, पूर्ण. ते तिथेच राहू दिलं.

"आई," मी म्हटलं, "तूं बसल्याशिवाय माका भूक लागना."