गोकुळदासची जुनी शिकवण

डिचोलीच्या बाजारात गोकुळदासच्या गाड्यावर बंद पडलेला टॉर्च नेला, की आधी तो मालकालाच चार शब्द सुनावतो. या गाड्यावर त्याची पस्तीस वर्षं गेली. सुरुवात पत्र्याच्या टॉर्चपासून. आता तो स्वतःच टॉर्च बांधतो. आत एकच जाडजूड लिथियम सेल, मुठीत जेमतेम मावणारा, आणि झोत असा की बांधावरून सोडला तर पलीकडच्या कुळागरातल्या पोफळी मोजाव्यात. भातशेतात रानडुकरं शिरू लागल्यापासून जवळचं अख्खं सर्वण गाव त्याचं गिऱ्हाईक झालं. सेल मात्र तो आठ दिवस ठेवून, दोनदा मीटर लावूनच देतो. घाई करणाऱ्याला म्हणतो, "घाय आसा जाल्यार मेणवात घे!"

ऑगस्टातल्या एका सकाळी सर्वणची शांताबाई टॉर्चचा सेल घेऊन आली.

"बाब, हो सेल बेगीन मंद जाता," ती म्हणाली. "सकाळीं चुलीकडेन उबेक दवरलो काय मात्सो बरो पेटता."

चुलीच्या उबेला ठेवते म्हटल्यावर गोकुळदासनं सेल उलटून पाहिला. सेलाचं निळं आवरण एका बाजूनं आक्रसलं होतं.

"चुलीकडेन? कोणें सांगलें तुका?"

"तुमीच! सेल उतरलो काय उनांत घाल म्हणून सांगिल्लें न्हय? पावसांत ऊन खंयचें?"

खरं होतं ते. पत्र्याच्या टॉर्चमधले जुने सेल ऊब लागली की आणखी थोडा वेळ तग धरायचे, आणि हे त्यानं शेकडो जणांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. लिथियमचा सेल तापला तर फुटतो, पेट घेतो, हेही त्याला पाठ होतं. पण दिलेली शिकवण परत घ्यायला हवी, हे काही या शहाण्याला सुचलं नाही.

शांताबाईला त्यानं दोन सेल दिले होते.

"आनी दुसरो?"

"चुलीकडेनच. सिद्धी आसा थंय, भात शिजयता."

सिद्धी तिची नात. गोकुळदासनं गाडा उघडाच टाकला आणि शांताबाईला स्कूटरवर बसवून सर्वण गाठलं.  

सेल चुलीला लागून असलेल्या वैलाच्या कडेवर उभा होता, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर सिद्धी भात ढवळत होती. त्यानं तिला बाहेर पिटाळलं, चिमट्यानं सेल उचलला आणि अंगणाच्या टोकाला वाळूच्या ढिगात पुरला. अर्धा तास कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. काही झालं नाही. मग तो पायरीवर बसला.

"चूक म्हजी, शांताबाय. सेल दितना हेंच पयलीं सांगपाक जाय आशिल्लें."

ती चार शिव्या देईल, असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. पण ती शेजारी बसली.

"तुमी सांगलें म्हूण दवरतालें, तुमीच येवन काडलो. पूण बाब, सेल उनांत घाल म्हूण तुमी सांगूंक ना, असो गांवांत कोण उरला?"

गोकुळदासनं मान वर केली. वाड्यावरच्या घराघरात त्यानं बांधलेला टॉर्च होता, त्याचीच जुनी शिकवण होती, आणि जेवणाची वेळ होत आल्यामुळे कौलाकौलांतून धूर निघत होता.

स्कूटर तिथेच सोडून तो शेजारच्या दाराकडे धावत सुटला.