भीती आली म्हणायचं

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलला शिलाई मारणाऱ्या त्या मावशींचं नाव मी कधी विचारलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या पुस्तकाच्या पानावर बसलेला कापूस फुंकून आम्हा बायकांना एका भिक्षुणीची कादंबरी वाचून दाखवायच्या. एकदा त्यांचा घसा बसला, तर पुस्तक माझ्या हातात. मी लांबच्या गावची, पाचवीत शाळा सुटलेली. पहिल्याच ओळीला अडखळले.

"गाडी लई लेट हाय गं!" कुणीतरी हसलं.

मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "ती भिक्षुणी काय करती? भीती आली की 'भीती आली' म्हणती, आन फुडं चालती. तू बी म्हण की."

मी मोठ्यानं म्हणाले, "भीती आली." आणि वाचत सुटले.

भोंगा वाजला तरी कुणी उठेना. भिक्षुणीचं पुढं काय झालं, ते त्या दिवशी सगळ्यांना माझ्या तोंडून कळलं.