किकवीच्या गाईच्या पोटातला निरोप

अठराव्या दिवशी सकाळच्या एसटीनं वेल्ह्याहून निघालो. गुरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "बाबा, तुम्ही जाऊन काही फरक पडणार नाही." पण घरात बसून तरी काय फरक पडत होता?

आधी काम काय ते सांगतो. माझी बायको हौसा फाल्गुनात गेली. तिनं माहेराहून दाव्याला धरून आणलेली तांबडी गाय मागं राहिली. गाय म्हातारी, कमरेत अधू. तिला आता गाभण राहणं झेपायचं नाही, आणि तिच्या वंशाची एक कालवडसुद्धा गोठ्यात नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंनी तांबडीची बीजं काढून काचेच्या ताटलीत गर्भ धरले. जगला एकच. तो सात दिवसांचा झाल्यावर माझ्या लेकीच्या सासरी, किकवीला, एका धडधाकट जर्सी गाईच्या गर्भपिशवीत सोडला. अठरावा दिवस म्हणजे त्या गर्भाचा अठरावा. बाविसाव्यापर्यंत ती गाय माजावर आली (वळू मागायला लागली) तर समजायचं, संपलं.

मार्गासनीपर्यंत गाडीत गर्दी नव्हती. गुंजवणीच्या कडंनं भाताची झोडणी चाललेली. ह्या वळणांवर हौसाला उलटी व्हायची, म्हणून खिडकी कायम तिची. सवयीनं मी आतल्या बाजूलाच बसलो. भोरचे एक टेलरचाचा चढले, त्यांना खिडकी दिली.

"कुठं निघालात?"

"किकवीला. गाईला दिवस गेलेत का बघाया."

चाचा हसले. "ह्या वयात असली कामं?"

मग मी त्यांना डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. गर्भात सुरवातीला सगळ्या पेशी एकसारख्या. प्रत्येकीजवळ तीच एक पोथी, त्यात शिंगापासून शेपटीपर्यंत सगळं लिहिलेलं. मग शेजारणीचा निरोप येतो. तो पेशीच्या भिंतीला येऊन लागतो, तिथून हातोहात आत पोथीपाशी जातो, आणि कुठलं पान उघडायचं, कुठलं मिटायचं ते ठरतं. बाहेरच्या बाजूला पडल्या त्यांनी वार (वासराला पोसणारं वेष्टण) व्हायचं, आतल्यांनी वासरू.

"म्हणजे आमच्यासारखंच," चाचा म्हणाले. "कापड एकच. कापल्यावर ठरतं, बाही का कॉलर."

"कापत न्हाईत, चाचा. सगळं सगळ्यांजवळ राहतं. वाचायचं पान तेवढं बदलतं."

"आणि निरोप चुकला तर?"

"त्येच बघाया तर निघालोय."

खरी धास्ती तीच होती. सोळाव्या दिवसाच्या आसपास वासराची वार एक रस सोडते, त्यानं आईच्या पिशवीला कळतं की आत कुणीतरी आहे. कळलं तर माज थांबतो. आमच्या वाडीत मोबाईलला धड रेंज मिळत नाही, आणि ह्या दोऱ्याएवढ्या जिवानं परक्या गाईला निरोप द्यायचा!

चेलाडीला उतरून दुसरी गाडी धरली. तिनं मला किकवीत न सोडता पुलावरून पार पुढं नेलं. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, आधी बोलायचं." मी म्हणालो, "तिकीट काय साताऱ्याचं काढलं होतं?" मग हायवेच्या कडंनं, ट्रकचा वारा खात माघारी चालत आलो.

विहीणबाईंनी तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी वाढली. अर्धी भाकरी ताटात ठेवून मी गोठ्यात गेलो. गाय रवंथ करत बसली होती. आमच्याकडं गाय थकली की तिच्या गळ्यातली घंटी तिच्या कालवडीला बांधतात. तांबडीची पितळी घंटी मी पिशवीतून आणली होती. वंश हिच्या पोटात, म्हणून हिच्याच गळ्यात बांधली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गाय हंबरायला लागली. एकसारखी. चाऱ्याला तोंड लावीना, दाव्याभोवती फिरत राहिली. मी गव्हाणीवरच बसलो. विहीणबाई धारेची बादली घेऊन आल्या.

"आली माजावर," मी म्हणालो. "गेलं सगळं."

त्यांनी गाईची शेपटी उचलून बघितली. "हितं कोरडं हाय. माजाची चिकट तार न्हाई, काय न्हाई." मग त्यांचं लक्ष गळ्याकडं गेलं. "इवाई, ह्ये काय बांधलंय? जल्मात हिच्या गळ्यात कदी घंटी न्हवती. मान हलवली की वाजतंय, वाजलं की बिचकती! तुमाला रातभर कुणी कानाशी ताट वाजवलं तर तुमी जेवशिला?"

"वंशाची हाय ती."

"मग वंश बाहेर येऊ द्या की. तवर त्याला गप पडू द्या!"

त्यांनी घंटी सोडून माझ्या हातात दिली. घटकाभरात गाय चाऱ्याला लागली. मला शरम वाटली. आत दोघांचं बोलणं चाललं असेल, त्यात मी मधेच बडवत होतो. आणि त्या बिचकण्यानं आतलं काही बिघडलं असलं तर? एकोणीस, वीस, एकवीस असे दिवस काढले. दिवसातून दहा वेळा गाईमागं जाऊन उभा राहिलो. लेक म्हणाली, "आबा, तिला लाज वाटत असंल."

बावीस सरला. माज आला नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"निरोप पोचलेला दिसतोय, बाबा. पण पक्कं धरू नका. महिन्याचा झाला की मशीन लावून बघू. पुढंही कधी कधी गर्भ गळतात."

परतीच्या गाडीत मला आनंद झाला नाही, भीती वाटली. ते वासरू राहिलं नसतं तर एकदा रडून मी मोकळा झालो असतो. हौसा गेल्यापासून मी पुढच्या बाजाराचाही विचार करत नव्हतो. रात्री दिवा मालवताना वाटायचं, उद्या उठलो नाही तरी चालेल. आता चालणार नाही. गाय विईपर्यंत साडेआठ महिने आहेत, आणि हौसाच्या गाईचं वासरू किकवीहून आणायला मी सोडून दुसरं कुणी नाही.