अकरा प्लेटा

गाझियाबादच्या त्या कारखान्यात स्टीलच्या मोठ्या टाक्या बनायच्या. मालकाने आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते बसवायला कंपनीने मला पाठवलं. दिल्लीतल्या मयूर विहारहून रोज जायचो. आजही त्या रस्त्याने जायची वेळ आली की तोंड कडू होतं.

तत्त्व सोपं होतं. प्रत्येक ऑर्डर हा वेगळा प्रोजेक्ट. त्याला कुठला माल किती लागणार, कधी लागणार, हे सिस्टिम काढणार आणि आलेला माल त्याच प्रोजेक्टच्या नावावर राहणार. दुसऱ्यासाठी उचलायचा तर ट्रान्सफरची नोंद करा, म्हणजे पहिल्यासाठी नवी खरेदी आपोआप निघेल. माझे वडील गवंडी, शाळेची पायरी न चढलेले. त्यांनाही हे एका दमात कळलं असतं. प्रॉडक्शन मॅनेजरलाही कळत होतं. त्याला ते नको होतं, बस्स.

कारण तिथली रीत अशी, की जे गिऱ्हाईक फोनवर जास्त ओरडेल त्याची टाकी आधी. दुसऱ्याच्या प्लेटांवर, म्हणजे टाकीसाठी आलेल्या स्टीलच्या पत्र्यांवर, रंगाने लिहिलेला ऑर्डर नंबर ग्राइंडरने घासायचा, नवा लिहायचा आणि प्लेटा कटिंगला न्यायच्या. नोंद केली असती तर ही उचलाउचल मालकाच्या स्क्रीनवर दिसली असती.

"अरे भाई, एंट्री बाद में हो जाएगी," मॅनेजर म्हणायचा. ती कधीच झाली नाही.

मग एका डेअरीच्या ऑर्डरच्या अकरा प्लेटा सिस्टिममध्ये दिसत होत्या, स्टोअरमध्ये नव्हत्या. काम अडलं. मालकाच्या केबिनमध्ये मॅनेजरने सरळ म्हाताऱ्या स्टोअरकीपरकडे बोट दाखवलं.

"माल तो इन्हीं के चार्ज में था, सर. अब कहाँ बेच आए, ये ही बताएँ."

स्टोअरकीपरच्या रिटायरमेंटला एक वर्ष राहिलं होतं.

मी म्हटलं, "सर, शेड में चलिए." प्लेट बनते तिथेच तिच्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो, आणि माल उतरवताना स्टोअरकीपरने तो एकेक करून सिस्टिममध्ये भरला होता. घासणाऱ्यांनी फक्त रंग घासला होता. बाहेर निघायला तयार उभ्या असलेल्या दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या टाकीवर मी ते क्रमांक वाचून दाखवले. अकरापैकी आठ तिथेच सापडले; उरलेल्या तिघांचे क्रमांक कापताना निघून गेले असणार.

मालकाने पाहिलं आणि मॅनेजरला विचारलं, "ये टंकी आज निकल जाएगी न?"

"बिल्कुल, सर."

"साहब, और मुझे जो चोर बोला?" स्टोअरकीपरने विचारलं.

"अब छोड़ो भी, चाचा. चाय पियो," मालक म्हणाला.

मॅनेजरनेच चहा मागवला. म्हातारा प्यायला. त्याला वर्ष काढायचं होतं, त्याच्यावर मी काय रागावणार? मला किळस आली ती मालक आणि मॅनेजर या दोघांची; माझा कप मी तसाच ठेवून उठलो.

मालकाने मला प्लेटा सिस्टिममधून वजा करायला सांगितलं. मी केल्या. कारणाच्या रकान्यात मॅनेजरच्या हुद्द्यासकट लिहिलं, की त्याने नोंद न करता प्लेटा दुसऱ्या ऑर्डरला वापरल्या, स्टोअरकीपरचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसला फोन गेला : दुसरा माणूस पाठवा.

दुसरा गेला. त्याने ट्रान्सफर नोंदवायची सक्तीच काढून टाकली, मालक खूश झाला. स्टोअरकीपर वर्षभराने रिटायर झाला. माफी त्याच्याकडे कुणी मागितली नाही.